स्वसंरक्षणार्थ गोळी झाडणाऱ्यावर खुनाचा पूर्ण खटला चालवावा का?

शेतवस्ती:
रात्री दार फोडून आत शिरलेल्या टोळीवर परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडून एखाद्याने घरच्यांचा जीव वाचवला, तर भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे त्याच्या बाजूने आहेत. तरीही समोरचा माणूस दगावला की सहसा खुनाचा गुन्हा नोंदवला जातो, बंदूक मुद्देमालात जमा होते, परवान्यावर गंडांतर येते आणि स्वसंरक्षणाच्या मुद्द्याचा खरा निवाडा साक्षीपुरावे संपल्यावरच होतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यातली घटना 1991 सालची आहे. शेतीच्या वादातून बापावर गंडाशाचा (कुऱ्हाडीसारख्या हत्याराचा) वार झाला तेव्हा मुलाने गोळी झाडली. सत्र न्यायालयाने त्याला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निर्दोष ठरवले. ज्याने गुन्हाच केला नव्हता त्याची उमेदीची वर्षे कोर्टाच्या तारखांत गेली. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 2005 च्या कायद्यानुसार खटला उभा राहण्याआधीच न्यायाधीशासमोर या मुद्द्यावर सुनावणी होते, आणि 2017 पासून तिथे पुराव्याचा भार सरकार पक्षावर आहे. आपल्याकडेही तशी तरतूद हवी, असे माझे ठाम मत आहे.

फौजदारी वकील:
आपली तळमळ मला पटते, उपाय मात्र धोक्याचा वाटतो. मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही. घटनेची पहिली हकीकत गोळी झाडणाराच सांगतो, आणि ती खरी की रचलेली हे जखमेची दिशा, गोळी किती अंतरावरून सुटली आणि रक्ताचे डाग कुठे पडले यावरूनच कळते. जय देव खटल्यात (निकाल 1962) जमिनीचा ताबा आरोपींकडे होता, ताबा राखण्याचा त्यांचा हक्कही न्यायालयाने मान्य केला. पण चालून आलेले गावकरी पळू लागल्यावर लांबून झाडलेल्या गोळ्यांना माफी मिळाली नाही, कारण धोका टळला की हक्कही संपतो. एवढा बारीक फरक दोन दिवसांच्या प्राथमिक सुनावणीत कसा लागणार? शिवाय आरोपीला स्वसंरक्षण निःसंशय सिद्ध करावे लागत नाही. त्याची बाजू अधिक संभाव्य वाटली तरी पुरते. हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडली गेली असेल, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, धरला जातो. म्हणजे कायदा आंधळा नाही.

वस्तीवरचा वाचक:
वकीलसाहेब, मळ्यातल्या वस्तीवर पोलीस पोहोचेपर्यंत सगळे आटोपलेले असते. कलम 37 म्हणते की शासकीय यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही. मागे हटायला सुरक्षित वाट होती का, हेही काही निकालांत विचारले गेले आहे. म्हातारी आई आणि लेकरे आत असताना कोणत्या वाटेने हटायचे? कलम 41 रात्रीच्या घरफोडीत जीव घेण्यापर्यंत हक्क देते, पण तो वापरणारा आधी पोलीस कोठडीत जातो आणि जामिनासाठी घरच्यांना जमीन गहाण ठेवावी लागते, हा अन्याय आहेच. निर्दोष सुटल्यावर ती वर्षे कोण भरून देणार?

फौजदारी वकील:
ती कोणीच भरून देत नाही आणि हे मला मान्य आहे. म्हणूनच माझा आग्रह खटला टाळण्याऐवजी पहिल्या चोवीस तासांवर आहे. गोळी झाडणाऱ्याच्या अंगावर वार असतील तर त्याच रात्री त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, कारण आरोपीच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही तर सरकार पक्षाचीच कथा डळमळते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये लक्ष्मी सिंग खटल्यात सांगितले आहे. तुटलेली कडी, उंबऱ्यावर पडलेली पहार, रिकामी काडतुसे नेमकी कुठे सापडली, हे सारे पंचनाम्यात यायला हवे. घरच्यांनी पोलीस येण्याआधी घर आवरून, फरशी धुऊन ठेवली, तर बचावाचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्याच हातून जातो. असा पंचनामा नीट झाला, तर दोषारोप निश्चित होण्याच्या टप्प्यावरच आरोपमुक्तीचा (खटला पुढे न चालवता सोडण्याचा) अर्ज टिकण्याची शक्यता वाढते, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.