पिशवीपेक्षा पाचटाचं बघा

"एकट्यानं कापडी पिशवी वापरून काय फरक पडणार?" हा पर्यावरणाचा विषय निघाला की विचारला जाणारा प्रश्न रास्तच आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५!) आणि आमच्या खिडकीच्या गजांना गाळ चिकटला, तेव्हापासून मी गप्प बसत नाही. पिशवीचं सोडा, आमच्याकडं खरा धूर ऊस तुटल्यावर पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवतात त्याचा. आम्ही ते बंद केलं. एक आड एक सरीत पाचट लोटायचं, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून पाणी द्यायचं. आबा म्हणाले, "उंदरं होतील रं!" झालीही थोडी. पण मेच्या उन्हात पाचट उचकटून बघितलं तर खाली ओल आणि गांडुळं! पाण्याची एक पाळी वाचली. शेजारचा बांध मात्र यंदाही काळाच.