रिलेइतकंच अर्थिंगही बघा
गाडीला फॉग लॅम्प (धुक्यातले दिवे) बसवताना त्यांची वायर थेट जुन्या स्विचवरून नको, रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावाच, असं सगळे सांगतात, ते अगदी खरं. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट ओढतात, जुन्या स्विचला ते झेपत नाही. पण अर्थिंगबद्दल, म्हणजे दिव्याची परतीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याबद्दल, कुणीच बोलत नाही.

माझ्या जुन्या गाडीत रिले टक्कन वाजायचा, फ्यूज शाबूत, तरी दिवे मिणमिणते. मीटर लावला तर बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि दिव्याच्या टोकांना जेमतेम १०! अर्थची वायर रंगवलेल्या, खालून गंजलेल्या पत्र्यावर कसलेली होती. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं. दिवे लख्ख. आणि हो, फ्यूज बॅटरीला अगदी लागून बसवा. दिव्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते.