बालगृहांना ‘निकालावर पैसे’? आधी मे आणि जूनचा हिशोब सांगा

करवंद:
परवा सरकारी धोरणांवर लिहिणाऱ्या एका तरुणाची पोस्ट तीन ग्रुप फिरून माझ्याकडे आली. म्हणणं असं की सरकार बालगृहांना डोक्यामागे परिपोषण अनुदान देतं म्हणून संस्था मुलांना सोडतच नाहीत, मूल म्हणजे त्यांचं चालू मीटर. तेव्हा दरडोई पैसे बंद, परफॉर्मन्स कॉन्ट्रॅक्ट सुरू, मूल कायमचं घरी पोचलं की पेमेंट. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १९९७ ला हेच केलं आणि सरकारी सांभाळातल्या ५१ हजार मुलांचा आकडा काही वर्षांत निम्म्याच्या खाली आणला. खाली टाळ्याच टाळ्या.

मी मराठवाड्यातल्या एका बालगृहात अधीक्षक होते. तर साहेब, ते मीटर मुलामागे महिन्याला ३००० चं आहे, म्हणजे दिवसाला शंभर, त्यात जेवण कपडे वह्या साबण सगळं आलं. आणि तेही वेळेवर नाही, वाणी दारात येऊन उभा राहायचा तेव्हा मी मागच्या दाराने ऑफिसात जायचे. आमचे काळजीवाहक तर पगाराचं नाव काढलं की हसायचे.

पण ते राहू द्या. आमच्याकडची बरीच मुलं अनाथ नव्हतीच हो. बाप गेलेला किंवा असून नसल्यासारखा, आई दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला. मागे मूल ठेवायचं कुणाकडे? बालकल्याण समितीपुढे उभं करायचं, समिती आदेश काढते, मूल आमच्याकडे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की आई गावाला येते, मे मध्ये मूल घरी, जूनला दप्तर घेऊन परत दारात. आता हे मी ‘यशस्वी पुनर्वसन’ म्हणून लावू का? तुमच्या कॉन्ट्रॅक्टने तर मी दर मे महिन्यात राज्यात पहिली येईन. बिल काढेन आणि जूनमध्ये तेच पोर नवीन केस म्हणून भरेन.

सीए_साहेब:
ताई, भावना पोचल्या, पण मीटरवाली गोष्ट खोटी आहे असं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. मी ट्रस्टांची ऑडिट करतो. एका ठिकाणी तपासणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतली पोरं आणून पंगतीला बसवलेली मी स्वतः पाहिलीत, एकाला त्याचं ‘नाव’ विचारलं तर तो सरांच्या तोंडाकडे बघायला लागला. २०११ ला शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा किती बोगस पट निघाला ते अख्ख्या महाराष्ट्राला माहितीय. डोकी मोजून पैसे दिले की डोकी तयार होतात. निकालावर पैसे यात चुकीचं काय, माझी फीसुद्धा काम झाल्यावरच मिळते.

करवंद:
तुमची फी काम झाल्यावर मिळते कारण कामाच्या आधी तुम्हाला चाळीस पोरांची चूल पेटवायची नसते. बोगस पटवाल्यांना जेलमध्ये घाला, मी हार घेऊन येते. पण डोकी बोगस करणारा माणूस निकाल बोगस करणार नाही हे कुठल्या ऑडिटमध्ये शिकवतात? डोकं निदान मोजता येतं. ‘घरी सुखी आहे’ हे कोण मोजणार, तुम्ही?

इलिनॉयवासी:
शिकागोत फॉस्टर केअर (मूल तात्पुरतं दुसऱ्या घरी सांभाळायला देणं) एजन्सीत काम करते, तेव्हा इथलं सांगते, दोघांनाही आवडणार नाही. आधी इथे तुमच्यासारखंच होतं, मूल जितके दिवस केअरमध्ये तितके पैसे, मूल गेलं की एजन्सीचं नुकसान. ९७ च्या नव्या करारात एजन्सीला ठरावीक केसेसचे पैसे, दरवर्षी ठरावीक नवीन केसेस घ्यायच्याच, आणि ठरावीक मुलांना दत्तक, पालकत्व किंवा घरवापसी अशी कायमची सोय लावायची. जास्त लावली तर पैसे तेच आणि मुलं कमी. कमी लावली तर जादाची मुलं त्याच पैशात सांभाळा. आकडे खरेच पडले, २००५ पर्यंत वीस हजारांच्या आत.

पण पोस्टवाल्याने अर्धीच गोष्ट सांगितली. त्यातली पुष्कळ मुलं आधीपासून आजीकडे, मावशीकडेच राहात होती, कागदावर मात्र ‘फॉस्टर केअर’. राज्याने केंद्राकडून खास परवानगी काढून आजीला पालकत्व दिल्यावरही महिन्याचे पैसे चालू ठेवले. मग आजी का नाही म्हणेल? दत्तकाला जोर देणारा केंद्राचा कायदाही ९७ लाच आला. नुसत्या कॉन्ट्रॅक्टने झालं असतं तर कॅन्सस राज्यातही झालं असतं. त्यांनी ९६ ला सगळी सेवा खाजगी संस्थांकडे दिली, प्रत्येक मुलामागे एकदाच ठोक रक्कम, मूल कितीही दिवस राहो. संस्था कर्जात बुडाल्या आणि २००० ला गपचूप महिन्याच्या हिशोबावर परत आले.

सीए_साहेब:
म्हणजे चालतं. डिझाइन नीट पाहिजे इतकंच.

इलिनॉयवासी:
तुम्हाला ‘चालतं’ एवढंच ऐकू आलं, धन्य आहे.

झणझणीत:
मला जरा बोलायचंय. बालगृहात परफॉर्मन्स कधीच सुरू झालाय, रविवारी जाऊन बघा. कुणाच्या बबड्याचा पहिला वाढदिवस, केक, पावभाजी, टोप्या, पोरांना रांगेत उभं करून ‘हॅपी बर्थडे’ म्हणायला लावतात आणि रात्री स्टेटसला फोटो. मी संस्थेत वाढलोय म्हणून सांगतो. एका रविवारी तीन केक खाल्लेत आम्ही आणि मंगळवारी पातळ वरण. टाळी जोरात वाजवली नाही म्हणून सरांनी नंतर ठोकलंय. तुमचे ते इंडिकेटर वगैरे आमच्यासाठी हेच होते, पाहुणे खूश झाले की नाही.

सोनचाफा:
हे फार लागलं मला. आम्ही दरवर्षी मुलाचा वाढदिवस आश्रमात करतो, पार्टीवर उधळण्यापेक्षा. चांगलं करायला गेलं तरी लोक शिव्याच घालणार. मग नका घेऊ ना देणगी.

झणझणीत:
आम्हाला कुणी विचारलं होतं का, घ्यायची की नाही?

करवंद:
सोनचाफा ताई, राग मानू नका, पण फोटो टाकला असेल तर आधी काढा. बाल न्याय कायद्याचं कलम ७४, संस्थेतल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरं सांगू, १५ ऑगस्टला आमच्याकडे वह्यांचे गठ्ठे यायचे, थंडीत ब्लँकेट इतकी की ठेवायला कपाट नाही. दहावीच्या पोरीला गणिताची शिकवणी लावायला मात्र एक देणगीदार मिळेना, कारण शिकवणीचा फोटो येत नाही.

सोनचाफा:
मी फोटो टाकते ते दुसऱ्यांना प्रेरणा मिळावी म्हणून. आणि आमच्या सोसायटीतल्या चार कुटुंबांनी बघून सुरू केलंय, त्याचं काही नाही?

झणझणीत:
म्हणजे चार केक वाढले.

सीए_साहेब:
मूळ विषय काय होता कुणाला आठवतंय का? वाढदिवसाचा वेगळा धागा काढा.

झणझणीत:
मूळ विषय हाच आहे साहेब. जो पैसे देतो त्याला जे दिसायला पाहिजे ते संस्था दाखवते. सोनचाफा ताईंना हसरी पोरं पाहिजेत, हसरी पोरं मिळतात. सरकारला घरी गेलेली पोरं पाहिजेत, पोरं घरी जातील. आमच्यातल्या एकाला असंच ‘काका तयार आहेत’ म्हणून पाठवला होता. काकाने दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात भांडी घासायला लावला. पळून परत आला तर अधीक्षक म्हणाले, तुझी फाइल बंद झालीय.

सोनचाफा:
हे माहीत नव्हतं. फोटो डिलीट केलेत. पण तुमची बोलायची पद्धत चुकीचीच आहे.

पाटीपेन्सिल:
सरसकट विरोध नको. राजस्थानात भिलवाड्याला २०१५ ते १८ निकालावर पैसे देऊन मुलींच्या शिक्षणाचं काम झालंच ना, टार्गेटच्या वर निकाल आला, मोजणारी संस्था तिसरीच होती.

करवंद:
झालं. पण तिथे कामाचे पैसे आधी एका परदेशी फाउंडेशनने घातले, निकाल आल्यावर दुसऱ्याने त्यांना व्याजासकट परत केले. काम करणाऱ्या संस्थेची चूल पहिल्या दिवसापासून पेटलेली होती. आणि मुलगी वाचते का नाही हे चाचणी घेऊन कळतं. काका मारतो का नाही याची चाचणी काढा, मी सही करते.

इलिनॉयवासी:
इथे मूल परत केअरमध्ये आलं का हे मोजतात. परत आलं तर एजन्सीच्या नावावर.

करवंद:
मग दार उघडायचंच नाही, झणझणीतच्या अधीक्षकासारखं. बिहारात मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात सरकारी तपासण्या होतच होत्या, पोरींवरचे अत्याचार २०१८ ला टाटा इन्स्टिट्यूटच्या लोकांनी पोरींशी बसून बोलल्यावर बाहेर आले. रजिस्टर बघून काही कळत नाही.

सीए_साहेब:
बरं, माझा हेका सोडतो, अर्धा. निकालावर पैसे नकोत तर नकोत. पण दरडोईही नको. संस्थेचा ठरावीक खर्च द्या, पट कितीही असो, आणि वाचेल ते आईला द्या. बालसंगोपन योजनेत मूल घरी सांभाळायला २०२३ पासून महिन्याला २२५० मिळतात, संस्थेत ठेवायला ३०००. घरी मूल ठेवणाऱ्याला कमी आणि लांब ठेवणाऱ्याला जास्त, हे गणित सीएलासुद्धा समजत नाही.

करवंद:
अरे वा, आज सूर्य कुठून उगवला. हेच इलिनॉयवासी ताई आजीबद्दल सांगत होत्या तेव्हा तुम्ही डिझाइन डिझाइन करत होतात. पण २२५० वर आई ऊसतोड सोडेल असं समजू नका, आणि ते पैसे तरी महिन्याच्या महिन्याला कुठे येतात, माझ्या माहितीतल्या एका बाईला सगळे हप्ते एकदम मिळाले तोवर मूल संस्थेत येऊन बसलं होतं. त्यापेक्षा गावातच ऊसतोडीच्या हंगामापुरतं पोरांचं वसतिगृह नीट चालवा. मग समिती, आदेश, फाइल काहीच नको, आणि तुमचा निकालही मागायला नको.

सीए_साहेब:
आणि त्या वसतिगृहाला पैसे कशावर द्यायचे? पटावर?

झणझणीत:
घ्या, परत पहिल्यापासून.

करवंद:
खर्चावर द्या. आणि तपासायला जायचं तर जानेवारीत जा, मंगळवारी, न सांगता, आणि जेवायला थांबा.