प्लग-इन हायब्रीडचा चार्जर जळाला, वर्कशॉप म्हणतं तुमचं अर्थिंग खराब. क्लेमसाठी काय करू?

नमस्कार मंडळी,

मी लातूरचा. गाडी वडिलांच्या नावावर, घरच्या वापराची. त्यांना रोज औशाला शेतावर जायचं असतं, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. रात्री चार्जिंगला लावली की पेट्रोलला हात लावावा लागत नव्हता.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री लाइट चार-पाच वेळा गेली-आली. सकाळी बघतो तर गाडी चार्ज नाही, डॅशबोर्डवर चार्जिंग सिस्टीमचा इशारा. पेट्रोलवर चालत होती, म्हणून तशीच पुण्याच्या अधिकृत वर्कशॉपला नेली. अकरा दिवसांनी फोन आला: ऑन-बोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेलं चार्जिंगचं युनिट) जळालाय, अख्खं युनिट बदलायचं, 3 लाख 40 हजार.

वॉरंटी 3 वर्षांची, अजून पाच महिने शिल्लक आहे. तरी क्लेम नाकारला. जॉबकार्डवर कारण एवढंच, 'बाह्य विद्युतदोष'. तोंडी म्हणाले, तुमच्या मराठवाड्यात व्होल्टेजचा भरवसा नसतो, अर्थिंग बरोबर नसणार. ना घर पाहिलं, ना काही मोजलं. वडील ते ऐकून गप्प झाले, मला तेच जास्त लागलं. 8 वर्षांच्या वॉरंटीचं विचारलं तर ती फक्त हाय-व्होल्टेज बॅटरीची, चार्जर त्यात येत नाही. गाडी घेणाऱ्यांनी ही ओळ आधी वाचा.

अर्थिंगची शंका माझ्याही मनात आली. आपल्या काळ्या रानाला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. पण आम्ही उन्हाळाभर दर आठवड्याला खड्ड्यात पाणी टाकतो. परत आल्यावर वायरमनकडून मोजून घेतलं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट भरलं, म्हणजे कमीच. शिवाय आमच्या चार्जिंग केबलला अर्थ मिळाला नाही तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. त्या रात्री झोपताना मी हिरवा बघितलाय. फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर, काहीही गेलेलं नाही.

मीटरमध्ये त्या रात्रीच्या व्होल्टेजची नोंद असते का, आणि वीज कंपनीकडून ती लेखी मिळते का? आणि पैसे भरून गाडी सोडवू की तशीच ठेवू? वडिलांचे हाल होताहेत, पण पैसे भरले तर चूक कबूल केल्यासारखं होईल अशी भीती वाटते.

प्रतिसाद:
दादा, भरायचेच झाले तर 'हक्क राखून भरतोय' असा ईमेल करून भरा, आणि जळालेलं युनिट ताब्यात घ्या. ग्राहक आयोग दोष तपासायला वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. युनिटच नसेल तर पाठवणार काय? फॉल्ट कोडची (गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडाची) प्रिंट मागा. न्यूट्रल तुटून जादा व्होल्टेज आलं असतं तर घरातली उपकरणंही गेली असती, हे लेखी मांडा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवा. गाडीला 50 लाखांच्या वर मोजले असतील तर जिल्हा आयोगात चालणार नाही, राज्य आयोगाकडे जावं लागेल. त्याचं खंडपीठ संभाजीनगरला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, पुण्याला खेटे नकोत. मुदत 2 वर्षं.

मूळ लेखक:
फार आभारी आहे. किंमत 50 च्या वरच आहे, म्हणजे संभाजीनगर. युनिट जपून ठेवायचा मेल आत्ताच पाठवला. मीटरच्या नोंदीचं कोणाला माहीत असेल तर आज रात्रीच सांगा, उद्या सकाळी वीज कंपनीच्या ऑफिसला जातोय.