दुरुस्तीसाठी भाडेकरूला आधी घर सोडायला लावावं का?

पडवी:
माझा छोटा फ्लॅट सहा वर्षं एकाच कुटुंबाकडे भाड्याने आहे. बाथरूमची गळती खालच्यांच्या छतापर्यंत पोचलीय, वायरिंग जुनाट, ओटा खचलेला. मिस्त्री म्हणतो, घर रिकामं दिलंत तर पाच आठवडे, आत माणसं असतील तर तीन महिने धरा. करार संपायला सात महिने आहेत. माझ्या मते त्यांनी आधी जावं, मग हातोडा. जुना थर खरवडायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी तुंबवून निदान चोवीस तास ठेवायचं, मगच फरशी. बाथरूम एकच आहे. तोवर त्यांनी करायचं काय?

उंबरठा:
काळजी त्यांची की तुमच्या तीन महिन्यांची? करार चालू आहे, म्हणजे नुसतं 'काम काढलंय, निघा' म्हणून चालत नाही. कराराच्या मधेच बाहेर काढता येतं का, नोटीस किती दिवसांची, हे आधी कराराच्या कागदात आणि तुमच्याकडच्या कायद्यात बघा. आणि एक सांगा, काम झाल्यावर त्यांनाच परत घेणार ना?

पडवी:
घेईन. पण जुन्या भाड्यात नाही.

उंबरठा:
हं. मग गळती हे निमित्त झालं.

जुना घरमालक:
निमित्त कसलं? एवढा पैसा ओतल्यावर भाडं वाढणारच. मी एकदा माणसं आत ठेवून वायरिंग बदललं. भिंतीत खाचा मारताना उडालेली धूळ त्यांच्या कपाटातल्या कपड्यांच्या घड्यांपर्यंत गेली, मग रोज रात्री फोन. त्यात जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो घासताना घरात लहान मूल असणं चांगलं नाही. पुढच्या वेळी मी सरळ दोन महिन्यांचं भाडं आणि सामान हलवायचा खर्च देऊ केला, चावी हातात आली त्याच दिवशी डिपॉझिट परत. सगळं लेखी. भाडेकरू हसत गेला.

तिसरं घर:
आम्हाला तोंडी सांगितलं होतं, 'दोन महिन्यांत परत या.' त्याआधी मालकाने नळ 'दुरुस्तीसाठी' बंद केला होता, आठ दिवस. मी खालून बादल्या वाहिल्या. शेवटी कंटाळून निघालो. अडीच महिन्यांनी पोराचा राहिलेला कंपास आणायला गेले तर दारावर दुसऱ्यांची पाटी. दाराच्या चौकटीवर पोराच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, त्याही रंगाखाली गेल्या. पाणी तोडून माणसं घालवणं ही दुरुस्ती नव्हे.

जुना घरमालक:
ते चूकच. पण सगळ्या मालकांना एका माळेत ओवू नका.

तिसरं घर:
नाही ओवत. पडवी, तुमची गळती तेवढी घाईची आहे. बाथरूमचे दहा-बारा दिवस त्यांची दुसरीकडे सोय करा, तेवढ्या दिवसांचं भाडं सोडा. ओटा आणि वायरिंग करार संपल्यावर काढा.

पडवी:
दोनदा मिस्त्री आणायचा म्हणजे खर्च वाढतो हो. पण खालच्यांचं छत सात महिने थांबणार नाही, हे खरं. बाथरूम आत्ता करतो. बाकीच्या कामासाठी पुढे घर रिकामं करून मागेन आणि परत यायचं लेखी देईन.

उंबरठा:
त्या कागदात नवीन भाड्याचा आकडाही घाला. चावी मागायच्या आधी.