सोलापूरच्या जॅकार्डवरचा गेम: सरकारी कला-अनुदानासाठी अर्ज कसा करावा?

पूर्वभाग_माग
आम्ही दोघं गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड्यांचा एक गेम करतोय. खेळणाऱ्याने जॅकार्डच्या (कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाच्या) कार्डावर भोकं पाडायची आणि त्याप्रमाणे समोर चादर विणली जाते. भोक चुकलं की मोराची मान तुटते. पहिली २० मिनिटं खेळता येतील इतकं तयार आहे. मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत काढायचाय. वर्षभरासाठी अंदाजे ४ लाख लागतील: चित्रं, आवाज, पूर्व भागातल्या जुन्या विणकरांच्या मुलाखती, चाचणी. कंपनी नाही, संस्था नाही. एकाचं वय २७, दुसऱ्याचं २३. कलेसाठीचं सरकारी अनुदान गेमला मिळतं का? आधी कंपनी काढावी का?

साधी_वीण
कंपनीची घाई करू नका. प्रायव्हेट लिमिटेड काढली की उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट लागतं, आणि कलेच्या योजना कंपनीला विचारतच नाहीत. त्या एक तर व्यक्तीला असतात, नाहीतर नोंदणीकृत संस्थेला. आधी हे ठरवा, मग बाकीचं.

व्यक्ती म्हणून तुमच्या कामाची योजना म्हणजे केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप. वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. म्हणजे २,४०,०००, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. काम दिल्लीचं सीसीआरटी (मंत्रालयाचं सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्र) बघतं. २७ वर्षांच्या भिडूने अर्ज करावा. २३ वर्षांच्याने 'तरुण कलाकार शिष्यवृत्ती'मागे वेळ घालवू नये. ती १८ ते २५ वयासाठी असली तरी गुरूकडे पुढचं शिक्षण घेण्यासाठी आहे, आणि आधीची पाच वर्षांची तालीम दाखवावी लागते.

आता मुख्य गोष्ट. फेलोशिप संशोधनाला मिळते, विकायच्या वस्तूला नाही. 'मोबाइल गेम बनवणे' असं शीर्षक दिलंत तर तपासणाऱ्याला तुमचा विषय कोणत्या खान्यात टाकावा तेच कळणार नाही. 'सोलापूरच्या जॅकार्ड कार्डांतील नक्षीची नोंद आणि तिचं खेळाच्या रूपात सादरीकरण' असं लिहा. ही शब्दांची हातचलाखी नाही, तुमच्या गेमचा गाभाच तो आहे. समितीत नृत्य, साहित्य, पुरातत्त्व जाणणारी माणसं असतात. त्यांना गोडो कळणार नाही, कार्ड कळेल. म्हणून पहिल्याच पानावर एका खऱ्या कार्डाचा फोटो लावा आणि खाली चार ओळी लिहा की: भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हुक जागेवर राहतो आणि पातं वर जाताना तो ताण्याचा (उभा) धागा उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक सुटतो, धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक फेक. शेजारी तुमच्या गेममधलं तेच कार्ड दाखवा. एवढ्यावर अर्ज उभा राहतो.

दुसरी चूक सगळेच करतात: पहिल्या सहा महिन्यांत 'गेम पूर्ण' लिहून मोकळे होतात. पुढचा हप्ता प्रगती अहवाल मान्य झाल्यावरच सुटतो. त्यामुळे मोजता येईल तेवढंच कबूल करा. पहिला टप्पा: १२ मुलाखती, ३०० कार्डांचं स्कॅनिंग, नक्षींच्या नावांची तिन्ही भाषांतली यादी. खेळता येणारा भाग तिसऱ्या टप्प्यात ठेवा.

हिशेब_चोख
संस्थेचा रस्ताही बघा की. मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान आहे. मर्यादा साधारण ५ लाख. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद हवी. गावातल्या एखाद्या वाचनालयाशी किंवा ट्रस्टशी बोलून संशोधन आणि प्रदर्शन म्हणून प्रस्ताव द्या, गेम प्रदर्शनात खेळायला ठेवा.

पण गणित नीट करा, इथेच लोक अडकतात. अनुदान खर्चाच्या ७५ टक्के. ४ लाखांच्या कामाला ३ लाख. त्यातले ७५ टक्के आधी, म्हणजे २,२५,०००. उरलेले ७५,००० हिशेब दिल्यावर. म्हणजे संस्थेचा स्वतःचा १ लाख आणि वर अडकून पडणारे ७५,०००, असे पावणेदोन लाख आधी हाताशी हवेत. ते नसतील तर काम मधेच थांबतं, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) देता येत नाही आणि पुढची दारं बंद होतात. ट्रस्टशी लेखी करार करा: गेमचा कोड आणि चित्रांचे हक्क तुमचे, प्रदर्शनाचे हक्क त्यांचे.

पूर्वभाग_माग
खूप उपयोग झाला. बजेटमध्ये लॅपटॉप टाकता येईल का? आणि अर्जासोबत गेम पाठवायचा कसा?

हिशेब_चोख
लॅपटॉप टाकू नका. सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू मालमत्ता ठरते, परवानगीशिवाय विकता येत नाही, नोंदवही ठेवावी लागते. भाड्याने घ्या आणि दरमहा बिल घ्या. विणकरांचं मानधन रोख देऊ नका. यूपीआयने द्या, पावतीवर सही किंवा अंगठा घ्या. मुलाखतीची संमती त्यांच्याच भाषेत, बहुतेकांची तेलुगू असेल, कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवून रेकॉर्ड करा. उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२-अ आहे. तो आजच उतरवून घ्या आणि बजेटची शीर्षकं अशी ठेवा की शेवटी सीएला नव्याने जुळवाजुळव करावी लागू नये.

खिळा_अक्षर
परीक्षक एक्झी फाइल (संगणकावर थेट चालणारा प्रोग्रॅम) उघडत नाहीत, तसं गृहीतच धरा. तीन मिनिटांचा व्हिडिओ (पहिल्या २० सेकंदांत कार्ड आणि वीण दिसलीच पाहिजे), पीडीएफमध्ये सहा चित्रं, आणि ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती. गोडो ४ मध्ये कोड सी-शार्प भाषेत लिहिला असेल तर वेब एक्सपोर्ट होत नाही, गोडोची स्वतःची जीडीस्क्रिप्टच लागेल. ४.३ पासून थ्रेडशिवाय एक्सपोर्ट करता येतं, तेच करा. नाहीतर इच या गेम ठेवायच्या साइटवर 'शेअर्ड-अरे-बफर' या पर्यायावर खूण करायची राहते आणि परीक्षकाला काळा पडदा दिसतो. गोडो ४ जोडाक्षरं नीट जुळवतो, गोडो ३ मध्ये 'क्ति' फुटायचं. तरी तेलुगू आणि कन्नडचा फाँट वेगळा जोडा आणि व्हिडिओत तिन्ही लिपी दाखवा. अर्जातली ती सगळ्यात जमेची बाजू आहे.

साधी_वीण
आणखी दोन गोष्टी. राज्याचं एव्हीजीसी-एक्सआर (अॅनिमेशन, गेमिंग वगैरे क्षेत्राचं) धोरण सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालं, पण त्याचा भर उद्योग, गुंतवणूक आणि कौशल्यावर आहे. कंपनी झाल्यावर त्याकडे बघा. परदेशातले गेमचे सरकारी निधी, उदाहरणार्थ यूके गेम्स फंड, तिथे नोंदलेल्या कंपनीलाच असतात. इतर कुठलं परदेशी अनुदान मंजूर झालं तरी पैसे घेण्याआधी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) जाणणाऱ्या सीएला पत्र दाखवा. शिष्यवृत्ती आणि नेहमीच्या व्यवसायातल्या मोबदल्याला सूट आहे, सांस्कृतिक प्रकल्पाच्या देणगीला नाही. एफसीआरएच्या नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी आणि १५ लाख खर्च केलेली लागते.

बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सला मात्र जरूर लिहा. ते सरकारी नाही, पण कुठल्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव घेतात. मराठीतच लिहा, आणि त्याच कार्डाच्या फोटोने सुरुवात करा.