मोठ्या क्रूझवरील गोंगाट आणि गर्दी : आपले अनुभव लिहा

मोठ्या क्रूझवरून परतलेली मंडळी समुद्राबद्दल आणि जेवणाबद्दल भरभरून बोलतात. मात्र रात्री झोप लागली का, पोहण्याच्या तलावाकाठी बसायला जागा मिळाली का, असे विचारले की विषय बदलतात. जानेवारी २०२४मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या क्रूझ जहाजाची क्षमता एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने ५,६१० प्रवाशांची आहे; जादा खाटाही भरल्या तर ती सुमारे ७,६००वर जाते, आणि दोन हजारांहून अधिक कर्मचारी त्याखेरीज. क्षमता अशी ‘दोघांच्या’ हिशेबाने सांगण्याची या धंद्यात रीत असल्यामुळे सुट्यांच्या हंगामात जहाज शंभर टक्क्यांहून अधिक भरलेले असू शकते, हे तिकीट काढताना फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा जहाजांवर राहिलेल्यांनी आपला अनुभव लिहावा. केबिन कोठे होती आणि त्रास कोणत्या वेळी झाला हे आवर्जून सांगावे.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. आमची केबिन तलावाच्या डेकच्या थेट खाली होती. जितके वर तितका समुद्र चांगला दिसणार, एवढ्याच विचाराने ती निवडली होती. पहाटे साडेपाचला डोक्यावर खुर्च्या ओढल्या जाऊ लागल्या : आधी लांबलचक खरखर, मग ठक्क, मग क्षणभर शांतता, आणि आता थांबले असे वाटते तोच पुढची खुर्ची. तिसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनेच वर गेलो, तर दोन कर्मचारी डेक धुऊन खुर्च्या रांगेत लावत होते. त्यांना काय बोलणार? त्यांच्या मागोमाग टॉवेल घेतलेले प्रवासी येत होते. साडेसहापर्यंत तलावाकाठच्या जवळजवळ सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल पडले होते आणि माणूस एकावरही नव्हता.

*

आमची केबिन याच्या अगदी उलट, खालच्या डेकवर आणि पार पुढच्या टोकाला होती, त्यामुळे खुर्च्यांचा आवाज आमच्यापर्यंत कधी आला नाही. पहिल्या बंदराच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मात्र पलंग थरथरू लागला, टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठली, आणि भिंतीमागे कोणी खडीचे पिंप गडगडवत न्यावे तसा आवाज सुरू झाला. यजमान तर लाइफ जॅकेट शोधू लागले. नंतर कळले की जहाजाला धक्क्याकडे आडवे ढकलण्यासाठी पुढच्या भागात, पाण्याखाली, या कुशीतून त्या कुशीत जाणाऱ्या बोगद्यात पंखे बसवलेले असतात. त्यांना थ्रस्टर म्हणतात, आणि आमचे उशीपासचे शेजारी तेच होते. एका ठिकाणी धक्का नसल्यामुळे जहाज समुद्रातच नांगरले आणि लोकांना छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेले. त्या दिवशी थ्रस्टरच्या जोडीला नांगराची साखळीही ऐकली. जे दिवस केवळ समुद्रावर गेले, त्या रात्री मात्र इतकी शांत झोप लागली की घरीही लागत नाही. आता मी केबिनच्या आधी प्रवासाचा कार्यक्रम पाहते : बंदरे जितकी जास्त, तितक्या पहाटे वाया.

*

आमचा त्रास बारीक होता. लाटा वाढल्या की कपाटातले रिकामे हँगर एकमेकांवर वाजत आणि छताजवळची एक पट्टी सारखी करकरत राही. हँगरांमध्ये टॉवेल खोचला आणि पट्टीच्या फटीत जुन्या पासाची चौपदरी घडी बसवली. दोन्ही बंद झाले. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारे मधले दार मात्र बंद असूनही पलीकडच्या कुटुंबाचे प्रत्येक भांडण आम्हाला ऐकवत होते, आणि त्यावर काही इलाज सापडला नाही. असे दार असलेली केबिन पुन्हा घेणार नाही.

*

मी काही वर्षे जहाजावर नोकरी केली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची आवाजाविषयीची नियमावली जुलै २०१४पासून नव्या जहाजांना सक्तीची झाली, आणि मोठ्या जहाजांवर कर्मचाऱ्यांच्या केबिनसाठी तिची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. गंमत अशी की प्रवाशांच्या केबिनना ती लागू नाही, कारण ती जहाजावर काम करणाऱ्यांचे कान जपण्यासाठी लिहिलेली आहे.

गर्दीचे म्हणाल तर ती बहुतेक वेळा वेळापत्रकातूनच निर्माण होते. पहिल्या दिवशी केबिन दुपारपर्यंत तयार नसतात, म्हणून हातातल्या बॅगांसह सगळे जहाज बुफेवर लोटते, आणि त्याच वेळी मोठे भोजनगृह उघडे असले तरी निम्मे रिकामे असते. एक गर्दी मात्र खरोखर कमी झाली. २०१२मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून कलंडले, त्या दुर्घटनेनंतर नियम बदलले आणि जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी आपत्कालीन कवायत घेणे सक्तीचे झाले; तेव्हा हजारो माणसे एकदम डेकवर खांद्याला खांदा लावून उभी असत. करोनानंतर अनेक जहाजांवर सूचना फोनवर पाहून आपापल्या सोयीने ठरलेल्या जागी हजेरी लावता येते.

*

मी श्रवणयंत्र वापरते, त्यामुळे माझा गोंगाट इतरांपेक्षा वेगळा असतो. मधला चौक अनेक मजले उंच आणि मोकळा असल्याने तळाशी वाजणारे वाद्यवृंदाचे गाणे सर्वांत वरच्या कठड्यापर्यंत तसेच चढते. बुफेत तर चमचे आणि ताटे यांखेरीज मला काहीच ऐकू येत नसे, म्हणून दोन दिवस मी यंत्र काढून ठेवूनच जेवले. तिसऱ्या दिवशी बंदर आले, तेव्हा मी उतरलेच नाही. दहा वाजेपर्यंत जहाज इतके ओस पडले की वरच्या डेकवर झेंड्याच्या दोरीचा खांबावर होणारा टकटक आवाजही मला आला. त्यानंतर बंदराचा प्रत्येक दिवस मी जहाजावरच काढला. लोकांना हे विचित्र वाटते, पण माझी सहल तीच झाली.

*

आईची चाकांची खुर्ची घेऊन गेलो होतो. रात्रीचा खेळ संपला की थिएटरबाहेरच्या लिफ्ट भरूनच येत. दार उघडे, आतले लोक ओशाळून हसत, दार मिटे. जिना चढू शकणारे एक मजला जाण्यासाठीही लिफ्टच धरत, याचा राग मला आजही आहे. शेवटी आम्ही खाली जायचे असले तरी वर जाणारी लिफ्ट पकडू लागलो आणि तिच्यातूनच फेरा मारून खाली येऊ लागलो. शेवटच्या सकाळी ही युक्तीही चालली नाही : केबिन लवकर रिकाम्या करून घेतल्यामुळे प्रत्येक मजल्यावर बॅगा घेतलेली माणसे उभी होती, आणि आम्हाला नऊ मजले उतरायला पाऊण तास लागला.